शून्य अंशाचा बर्फ

योरिडनं स्कीच्या काठ्यांची लांब पिशवी स्वतःकडे ओढून घेतली, ती जेमतेम चार बोटं. झालं ते एवढंच. ट्राम लीआनला, शेवटच्या थांब्याला, पोचली होती, दारं उघडली होती, आणि एइलिफ सागमूनं सवयीनं हात पुढे केला होता. क्लबातल्या कुठल्याही पोराची पिशवी दिसली की ती उचलायची, हे तो गेली अकरा वर्षं करत आला होता. त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. "राहू दे, मी घेते," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, रागाला काहीतरी उत्तर देता येतं. तिनं पिशवी खांद्यावर टाकली आणि बाकीच्या तीन मुलींच्या मागोमाग उतरली. एइलिफचा हात अजून तसाच पुढे होता. समोरच्या बाकावरच्या म्हातारीनं त्या हाताकडे पाहिलं, तेव्हा त्यानं रुमाल शोधल्यासारखं करून हात खिशात घातला. खिशात रुमाल नव्हता. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस. दिवसभर गावातल्या चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासणारा आणि संध्याकाळी ब्योर्कलिया स्की क्लबाच्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलामुलींच्या स्कींच्या तळाला चढावर पकड देणारं मेण लावणारा. आणि एका सोळा वर्षांच्या पोरीनं चार बोटं पिशवी सरकवली म्हणून त्याला ट्राममधून उतरावंसंच वाटेना. ड्रायव्हरनं आरशातून पाहिलं तेव्हा तो उतरला.

कारण शोधायला लांब जायला नको होतं. गेल्या मार्चमधली राष्ट्रीय शर्यत, मुलींची पाच किलोमीटर. त्या हिवाळ्यात योरिड फक्त दोनदा हरली होती, आणि क्लबातला प्रत्येक जण जिंकण्याचं नाव न काढता जिंकण्याचाच विचार करत होता. शर्यत सुटायला वीस मिनिटं असताना ती सराव करून परत आली आणि म्हणाली, "एइलिफ, धरतंय." म्हणजे स्कीच्या तळाला, मेणावर, बर्फ धरतोय. "जरा चाल, बसेल ते," तो म्हणाला. ती गेली नाही. "खरंच धरतंय," ती पुन्हा म्हणाली. मग एइलिफनं वाकून मूठभर बर्फ उचलला, दाबला, मूठ उघडून पाहिली, आणि ज्याचे शब्द नंतर सबंध उन्हाळाभर त्याच्या दाताखाली खड्यासारखे येत राहिले ते वाक्य तो बोलला. "तू पळण्याचं बघ, योरिड. मेणाचं मी बघतो." आजूबाजूची पोरं थोडीशी हसली. ती गेली. दुसऱ्या किलोमीटरला तिच्या दोन्ही पायांखाली बर्फाचे असे गोळे झाले की ती स्कीवर नाही, लाकडी खडावांवर चालतेय असं वाटावं. चाकोरीबाहेर बसून तिनं काठीच्या टोकानं तळ खरवडला, उठली, शंभर पावलांवर पुन्हा बसली. एकाहत्तरावा नंबर. ती रडली नाही, तक्रार केली नाही. स्की क्लबच्या गाडीला टेकवून ठेवल्या आणि बसमध्ये जाऊन बसली. आपण चूक कबूल केली असं एइलिफ स्वतःला सांगत आला होता, कारण त्यानं सगळ्यांसमोर म्हटलं होतं, आज माझं मेण चुकलं. पण मेण कुणाचंही चुकतं, शून्य अंशाला तर देवाचंही चुकेल. त्याची चूक मेणाची नव्हतीच. ती दोनदा सांगत होती, आणि त्यानं मुठीकडे पाहिलं होतं.

ती मूठ त्याच्या बापाची. सबंध खोऱ्यात बापाची मूठ प्रसिद्ध होती. रविवारच्या शर्यतीला मोठमोठी माणसं आपल्या स्की हातात घेऊन गप्प उभी राहत आणि बाप वाकून बर्फ उचली, दाबी, वास घेई, आणि जणू बर्फानं कानात सांगितल्यासारखा मेणाच्या एका डबीकडे बोट दाखवी. बारा वर्षांचा एइलिफ एकदा म्हणाला होता की बाबा, माझे पाय मागे सरकतायत. बाप हसला होता, वाईट हसला नव्हता, प्रेमानंच हसला होता. मग कधीतरी, तीस वर्षांनी, स्वतःच्या स्वयंपाकघरात त्याचा मुलगा म्हणाला होता की बाबा, मला चढावर पकडच मिळत नाही, आणि एइलिफनं पावावर तपकिरी चीजची चकती ठेवत त्याला पाय कसा टाकायचा ते समजावलं होतं. मुलानं तेराव्या वर्षी स्की सोडली. आता तो बर्गनला असतो, नाताळला फोन करतो, छान बोलतो. ह्या गोष्टी एइलिफच्या डोक्यात वेगवेगळ्या खोल्यांत राहत होत्या आणि त्यांची कधी गाठ पडली नव्हती. लीआनच्या थांब्यावर, ओल्या पानांवर उभा असताना, त्या तिन्ही एकदम बाहेर आल्या. वर जंगलाच्या वाटेवरून मुलींचं हसणं ऐकू येत होतं आणि प्रशिक्षक सोलफ्रिडची शिट्टी.

त्या शरद ऋतूत योरिड आपल्या स्कींना स्वतःच मेण लावायला मेणाच्या खोलीत यायला लागली. क्लबघराच्या तळघरात तीन टेबलं होती. ती दाराजवळचं, सगळ्यात लांबचं घेई. इस्त्री तापवी, मेण ओती, खरवडी, ब्रश मारी, आणि काही विचारीत नसे. एइलिफही बोलत नसे. फक्त ती यायच्या आधी तिच्या टेबलावरचा दिवा लावून ठेवी. सोलफ्रिड पस्तिशीची, तोंडाळ, दलदलीतून मुलांना काठ्या घेऊन वर पळवणारी आणि स्वतः त्यांच्या पुढे पळणारी बाई. ती एकदा डोकावली, दोघांच्या पाठीला पाठ पाहिली आणि म्हणाली की इथं मेण लावतायत का सुतक पाळतायत. योरिड हसली. एइलिफलाही हसू आलं. ऑक्टोबरच्या पालकसभेत योरिडची आई विग्दिस अतिशय सौम्यपणे म्हणाली होती की मोठ्या स्पर्धांना मेणाचं काम एखाद्या मोठ्या क्लबाकडे सोपवलं तर एइलिफलाही जरा विसावा मिळेल. विसावा हा शब्द तिनं दोनदा वापरला. मग कुणीतरी संडासच्या कागदाच्या गठ्ठ्यांचा विषय काढला, क्लबाच्या खर्चासाठी यंदा प्रत्येक घरानं किती गठ्ठे दारोदार खपवायचे, आणि त्यावरच एक तास भांडण झालं. विसाव्याचा निर्णय राष्ट्रीय शर्यतीनंतर घ्यायचा ठरला. एइलिफ घरी येऊन कितीतरी वेळ बूट न काढता बसला. मेणाची खोली गेली तर आपल्याला काय उरेल, ह्याचा विचार त्याला करवला नाही. पण त्याखाली दुसरंच एक काही ठसठसत होतं, आणि ते खोलीपेक्षा मोठं होतं. त्याला ती पोरगी परत हवी होती. तिनं एकदा तरी येऊन सांगावं की धरतंय, आणि आपण एकदा तरी ऐकावं.

नोव्हेंबरात एका दुपारी दुकानात एक मासेविक्रेता आला. खुर्चीत बसला, हनुवटी यंत्रावर टेकवली. एइलिफनं काच बदलली. पहिलं बरं की दुसरं? दुसरं. आता? आधीचं. आता? सारखंच. दिवसातून शंभरदा एइलिफ हे विचारत असे. समोरच्या अक्षरांकडे स्वतः पाहून त्यानं कधी कुणाला सांगितलं नव्हतं की नाही हो, तुम्हाला स्पष्टच दिसतंय. डोळा त्या माणसाचा. डोळ्याच्या आतलं फक्त त्यालाच ठाऊक. यंत्र अंदाज सांगतं, पण शेवटचा शब्द खुर्चीतल्या माणसाचा. एइलिफचा हात काचेवरच थांबला. मासेवाला म्हणाला, "काय झालं? झोपलास का?" तो म्हणाला नाही, नाही, आणि पुढची काच लावली. पण त्याचे कान तापले होते. तीस वर्षं मी दिवसभर लोकांचं ऐकतो, त्याच्या मनात आलं, आणि संध्याकाळी बापाची मूठ घालून जंगलात जातो. हे इतकं सोपं होतं की त्याला स्वतःचीच लाज वाटली, आणि लाजेच्या मागोमाग, का कोण जाणे, आनंद झाला. चष्मा बदलल्यावर लोक दारात थांबून रस्त्याकडे पाहतात तसा तो त्या दिवशी दुकानाच्या दारात थांबला आणि पलीकडच्या फुटपाथवरून चालणाऱ्या लोकांचे पाय पाहत राहिला.

मग बर्फ आला, आणि हंगाम सुरू झाला तो थांबेचना. आधी भुशाखाली उन्हाळाभर झाकून ठेवलेल्या जुन्या बर्फाची दीड किलोमीटरची पट्टी, तिच्यावर सगळ्या गावाची पोरं मुंग्यांसारखी. मग डिसेंबरात खरा, दाट, कोरडा बर्फ, झाडांच्या फांद्या वाकवणारा. शनिवारी शर्यत, रविवारी शर्यत, अंधार असतानाच गाडीत बसायचं, पोरं मागं एकमेकांच्या खांद्यावर झोपलेली, काचांवर श्वासाची वाफ. असा हिवाळा क्लबनं कधी पाहिला नव्हता. नाताळच्या शर्यतीत पहिल्या दहांत ब्योर्कलियाच्या चार मुली. जानेवारीत मुलांची रिले, शेवटच्या वळणावर, फक्त एका बुटाच्या अंतरानं जिंकली, आणि सोलफ्रिड बर्फात आडवी पडून पाय झाडत होती. एइलिफनं एक नवं खूळ सुरू केलं होतं. पोरगं सराव करून आलं की तो मूठ खिशात ठेवी आणि विचारी. पकड आहे? चढावर की सपाटीवर? डाव्याला की उजव्याला? आता बरं की मघाशी? पोरांना सुरुवातीला मजा वाटली, त्याची नक्कल करून ती जेवताना एकमेकांना विचारत, सॉसेज बरं की मघाचं. मग ती उत्तरं द्यायला लागली, आणि उत्तरं इतकी बारीक, इतकी खरी यायला लागली की एइलिफ चकित झाला. एवढं सगळं त्यांच्या तळपायांना ठाऊक होतं आणि आपण विचारलंच नव्हतं. योरिडला मात्र तो विचारीत नसे. तो हक्क आपण घालवलाय, असं त्यानं ठरवून टाकलं होतं. तिनं जानेवारीत स्वतःच्या मेणावर तिसरा नंबर काढला. तो खूश झाला आणि त्याच क्षणी त्याला असूयाही वाटली, आणि दोन्ही त्यानं गरम बेरीच्या सरबताबरोबर गिळली.

फेब्रुवारीत तिचं चुकलं. उणे दोनची हवा, जुना कडक बर्फ, आणि तिनं मऊ मेण लावलं. अडतिसावी आली. संध्याकाळी मेणाच्या खोलीत ती खूप वेळ तळ खरवडत बसली, मग मान वर न करता म्हणाली, "का झालं असं?"

एइलिफच्या जिभेवर उत्तर तयार होतं. ते बरोबरही होतं. त्यानं ते मागे ढकललं.

"मला नाही माहीत," तो म्हणाला. "स्कीवर तू होतीस. पायाखाली काय वाटलं?"

ती वळली. त्याच्याकडे तिनं असं पाहिलं, जणू हा माणूस खरा आहे की कुणी आणून ठेवलाय हे ती ताडत होती. मग तिनं सांगितलं. उतारावर ओढल्यासारखं वाटलं, चढावर आधी फार घट्ट, मग एकदम काहीच नाही. ती बोलत गेली, स्कीच्या तळावर बोट ठेवून दाखवत गेली, इथं, मग इथं, आणि बोलता बोलता स्वतःच म्हणाली, "खूप मऊ होतं ना." "असेल," तो म्हणाला. त्या दिवसानंतर ती मधल्या टेबलावर बसायला लागली. आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यात, राष्ट्रीय शर्यतीच्या आदल्या दुपारी, दक्षिणेकडच्या एका लहान गावात, तिनं आपल्या नव्या स्की त्याच्यापुढे ठेवल्या. सबंध उन्हाळा बेकरीत पहाटेचं काम करून तिनं त्या स्वतः घेतल्या होत्या. "उद्या तू लाव," ती म्हणाली. एइलिफनं मान हलवली. मग त्यानं दोन्ही स्की उचलून काखेत घेतल्या.

सकाळी साडेसहाला उणे तीन. कोरडं, निळं आकाश, आणि त्यानं स्वतः तीन जोड्यांवर चालून पाहून निळं, कोरड्या थंडीचं मेण लावलं, बुचानं घासून काचेसारखं केलं. साडेनऊला डोंगरामागून ढग आले आणि गावावर बसले. मग हिमकण पडायला लागले, मोठे, ओले, आळशी. पारा चढत चढत शून्यावर येऊन थांबला आणि हलेना. सगळ्या क्लबांच्या गाड्यांत धावपळ सुरू झाली, इस्त्र्यांचा धूर, शिव्या, डब्यांची झाकणं. एइलिफ बर्फात उभा होता. त्यानं नकळत वाकून मूठभर बर्फ उचलला होता. मूठ म्हणत होती, जांभळं, शून्याजवळचं, एक पातळ थर जांभळा, बास. त्याची खात्री होती. गेल्या वर्षी होती तेवढीच.

योरिड परत आली. सुटायला तिला बावीस मिनिटं होती. तिच्या केसांवर ओला बर्फ होता.

"धरतंय," ती म्हणाली.

त्यानं मूठ उघडली, हात पँटला पुसला. "कुठं?"

"दोन्हीला. मधल्या भागात. आधी घसरतं, मग गपकन धरतं."

"जांभळं लावलं तर?"

"आपल्या लोट्टेनं लावलंय, तिलाही धरतंय. मी तिच्या स्कीवर चालून आले." ती थांबली. "एइलिफ, ह्यावर मेणच नको."

सोलफ्रिड धावत आली होती. ती म्हणाली की आता काही बदलू नका, आहे ते सगळ्यांचंच आहे. ती म्हणत होती ते शहाणपणाचं होतं. एइलिफनं बर्फाकडे पाहिलं नाही. तो मुलीच्या चेहऱ्याकडे पाहत होता, आणि तिथं भीती होती, ती हरण्याची नव्हती. हा आता काय म्हणेल ह्याची होती. त्यानं स्की ओढून बाकावर आडव्या टाकल्या, मधल्या भागातलं मेण पत्र्यानं काढलं, चिंधीनं पुसून कोरडं केलं, आणि खोक्याच्या तळातून जाडा पॉलिश पेपर काढला. पूर्वी, शून्य अंशाला, म्हातारे हे करायचे. तळाचं प्लॅस्टिक खरवडून त्याला लव आणायची. लव बर्फाला पकडते, आणि मेण नसल्यामुळे धरायला काही उरत नाही. बाप हे कधी करत नसे. बापाला ते कमीपणाचं वाटे.

"नव्या आहेत ह्या," तो म्हणाला. "परत अशा होणार नाहीत."

"माहितीय."

"खात्री आहे?"

"एइलिफ, वेळ जातोय."

तो खरवडायला लागला. पहिल्याच हाताला काळ्या चकचकीत तळाची धूळ उडाली आणि सोलफ्रिडनं डोळे मिटले. बारा हात, थांबणं, तिच्याकडे पाहणं. ती स्कीवर उभी राहून दहा पावलं गेली, परत आली. "टाचेपाशी अजून." सहा हात. ती गेली, आली. "डाव्याला थोडं पुढे." चार हात. आता बरं की मघाशी? "आता." तिचा आवाज बदलला होता. ती पुन्हा गेली आणि ह्या वेळी परत आली ती पळत. "बास," ती म्हणाली, "बास, हात लावू नकोस आता." त्यानं वरून पाणी न धरणारा फवारा मारला, आणि ती छातीवरचा नंबर सारखा करत सुरुवातीच्या रेषेकडे निघून गेली.

एइलिफ मैदानात थांबला नाही. तो जंगलातून साडेतीन किलोमीटरच्या चढावर जाऊन उभा राहिला, जिथं उभं राहून मुलांना सेकंद ओरडून सांगायचे असतात. गुडघाभर बर्फ, एका हातात फोन. दर अर्ध्या मिनिटाला एक मुलगी सुटत होती, आणि त्या चढावर त्या एकेक येत होत्या. कुणाच्या पायाखाली गोळे, कुणी स्की आपटून बर्फ झाडतेय, कुणी चाकोरी सोडून कडेनं मासळीच्या काट्यासारखे तिरके पाय टाकतेय, आणि कुणी मागे सरकून रडकुंडीला आलेली. त्याला त्या सगळ्यांचं वाईट वाटलं. खरंच वाटलं, त्यातल्या प्रत्येकीनं सकाळी कुणाला तरी सांगितलं असेल. मग झाडांमधून योरिड दिसली. ती चाकोरीतून येत होती, मधोमध, लांब आणि सरळ पाय टाकत, आणि प्रत्येक पावलाला तिचा पाय जिथं ठेवला तिथंच राहत होता. आवाजच नव्हता. फक्त एक कोरडी खसखस. पहिल्या किलोमीटरला ती नववी होती. इथं त्यानं फोन पाहिला आणि त्याला आकडा खरा वाटेना. "पहिली," तो ओरडला. "योरिड, पहिली आहेस, दोन सेकंदांनी." ती वर आली, तिचं तोंड उघडं होतं, लाळ हनुवटीवर ओघळलेली, आणि एइलिफ तिच्या बाजूनं पळायला लागला. गुडघाभर बर्फात, अठ्ठावन्नाव्या वर्षी, काय ओरडतोय ते त्याचं त्यालाच कळत नव्हतं. कदाचित बापाच्या नावानं ओरडत असेल, कदाचित मुलाच्या. मग पाय अडकून तो तोंडावर पडला, आणि ती माथ्यावरून पलीकडे निघून गेली. तो तसाच पडून राहिला, तोंडात बर्फ, आणि हसत होता. खालून, फार दूरून, भोंग्यातला माणूस बोलत होता. आधी ब्योर्कलिया ऐकू आलं. मग तिचं नाव. मग अकरा सेकंद. अकरा सेकंदांनी पहिली. एइलिफ बर्फात उठून बसला आणि त्यानं दोन्ही हात वर केले, एकटाच, झाडांसमोर.

खाली आल्यावर सगळ्यांनी त्याला धरलं. सोलफ्रिडनं त्याचा गालगुच्चा घेतला. विग्दिसनं त्याचा हात दोन्ही हातांत घेऊन खूप वेळ सोडला नाही, आणि विसाव्याचं नाव पुन्हा कुणी काढणार नाही हे त्याला कळलं. योरिड गाडीच्या पायरीवर बसली होती, खांद्यावर आईचं जाकीट, हातात वाफाळता पेला. तेवढ्यात तोरलाइफ आला. तोरलाइफ म्हणजे शेजारच्या जिल्ह्यातल्या सगळ्यात मोठ्या क्लबाचा मेणवाला. बसएवढी गाडी, तीत बारा टेबलं, आणि आज त्याच्या आठही मुली चाकोरीबाहेर बसून तळ खरवडत होत्या. त्यानं अभिनंदन केलं, ते मनापासूनचं होतं. मग टोपी मागे सारून सहज विचारल्यासारखं विचारलं, काय लावलंत? हे विचारणं रीतीचं असतं. त्यावर खोटं सांगणं रीतीचं असतं. त्या खोट्यावर विश्वास न ठेवणंही रीतीचं, आणि त्यात कुणाला काही वाटत नाही. पण परवा रिले होती, आणि परवाचा अंदाजही शून्याचाच होता, आणि एइलिफ इतका आनंदात होता की तो सगळं खरंच सांगणार होता. पॉलिश पेपरचा नंबर, किती हात, टाचेपाशी किती. त्यानं तोंड उघडलं.

"निळं," योरिड पेल्यातून वर न बघता म्हणाली. "पातळ. तीन थर."

तोरलाइफनं तिच्याकडे पाहिलं. "निळं?"

"आणि टाचेपाशी बोटभर जांभळं," ती म्हणाली. "पण बाहेर गार करून मग लावायचं. तेच आमचं सकाळी आधी चुकलं होतं."

तोरलाइफ विचारात पडला. इतक्या वर्षांत तोरलाइफ कुणाच्या मेणाच्या उत्तरावर विचारात पडल्याचं एइलिफनं पाहिलं नव्हतं. तो टोपी सारखी करून आपल्या गाडीकडे निघाला, आणि अर्ध्या वाटेत त्यानं आपल्या माणसाला हाक मारून निळी डबी मागितली. योरिडनं एक घोट घेतला. तिच्या चेहऱ्यावरची रेघही हलली नाही. एइलिफला रडू आलं, आणि ते त्यानं येऊ दिलं, कारण अकरा वर्षांत त्याच्या मेणासाठी कुणी खोटं बोललं नव्हतं. मग तो नाक पुसून तिच्यासाठी आणखी सरबत आणायला गेला.